पोडावरची वही आणि मंत्रालयातला कागद

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील कोलाम आदिवासींच्या सात पोडांवर (वस्त्यांवर) काम करणाऱ्या एका लहान संस्थेच्या कार्यकर्तीने विचारलेला प्रश्न असा आहे: गेल्या पावसाळ्यात त्यांच्या भागात दोन नवजात बालके दगावली, तालुक्याला चौकशी केली तेव्हा "आमच्या नोंदीत असे मृत्यू नाहीत" एवढेच उत्तर मिळाले. पाच-सहा जणांच्या संस्थेचा सार्वजनिक आरोग्याच्या धोरणावर खरोखर काही परिणाम होतो का, की आपण सरकारच्या अपुऱ्या कामाला केवळ ठिगळे लावत राहतो?

मी डॉक्टर नाही. परिचारिकेचे शिक्षण घेऊन १९९८ पासून आधी मेळघाटात आणि पुढे यवतमाळ जिल्ह्यात संस्थांबरोबर काम करत आले आहे. त्या अनुभवाच्या मर्यादेतच हे उत्तर वाचावे. परिणाम होतो. मात्र तो निवेदने दिल्याने क्वचित होतो आणि नुसती सेवा दिल्याने त्याहूनही क्वचित. मी पाहिले त्यात तो दोन कामांमुळे झाला. जे सरकारच्या वहीत नाही ते मोजून, कोणालाही पडताळता येईल अशा रीतीने मांडणे हे पहिले. आणि शासन निर्णय निघाल्यानंतर तो उपकेंद्रापर्यंत येता येता त्यातले काय गळून पडले, यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे हे दुसरे. हे दुसरे काम अत्यंत कंटाळवाणे आहे आणि त्यासाठी देणगीदार सापडत नाही, म्हणूनच बहुतेक संस्था पहिल्या कामानंतर थांबतात.

आपल्याच विदर्भातले जुने उदाहरण घ्या. कुष्ठरुग्णांची सेवा करण्याची परंपरा वर्धा-चंद्रपूर पट्ट्यात मोठी आहे. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला काम सुरू केले, बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. पण राष्ट्रीय धोरणाच्या दृष्टीने ज्याची चर्चा कमी होते ते काम वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत डॉ. वारदेकरांच्या नेतृत्वाखाली एक साधी पद्धत बसवली गेली: घरोघरी जाऊन पाहणी करायची, लोकांना आजार समजावून सांगायचा आणि रुग्णाला त्याच्या गावातच औषध द्यायचे. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हीच पद्धत देशाने उचलली. रुग्णाने वसाहतीत येण्याऐवजी कार्यकर्त्याने रुग्णाच्या दारात जायचे, हा बदल त्या काळी लहान नव्हता. पुढे, २००५ च्या अखेरीस, दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे राष्ट्रीय सरासरीचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले आणि घरोघरी शोधण्याचा भाग हळूहळू सैल पडला. रुग्ण स्वतः दवाखान्यात येईल तेव्हा त्याची नोंद, असा प्रघात पडला. कुष्ठरोगाचा चट्टा दुखत नाही, खाजत नाही. अशा आजाराचा सालगडी मजुरी बुडवून दवाखान्यात कशाला येईल? २०१६ मध्ये पुन्हा घरोघरी शोधमोहिमा सुरू कराव्या लागल्या, यातच काय ते आले. संस्थेने दिलेली पद्धत सरकारने स्वीकारली होती. तिच्यातला कष्टाचा भाग पुढे निसटला आणि तो निसटताना राखण करायला फारसे कोणी उभे नव्हते.

गडचिरोलीचे उदाहरण अधिक परिचित आहे, तरी मी त्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या दोन बाळांशी त्याचा थेट संबंध आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. हस्तक्षेपाच्या गावांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला, तुलनेच्या गावांत तो जवळपास जागच्या जागी राहिला. दोन्हींतला निव्वळ फरक ६२ टक्क्यांचा. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. नवजात बाळ घरात वाचवता येते, हे त्याआधी वैद्यकीय जगाला मान्यच नव्हते असे म्हटले तरी चालेल. त्यानंतर बारा वर्षांनी, २०११ मध्ये, केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बालकाच्या काळजीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि देशभरातील आशा स्वयंसेविकांनी बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचे, असा नियम झाला. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की आशाला २५० रुपये.

धोरण बदलले, यात शंका नाही. आता गळाले काय ते पाहा. गडचिरोलीतली आरोग्यदूत जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून, आईवडील बाळाला दवाखान्यात न्यायला तयार नसतील तर, स्वतः जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत असे आणि मृत्यू टळण्यात त्या उपचाराचा वाटा फार मोठा होता. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाच्या हातून इंजेक्शन काढून घेतले गेले. तिने बाळ तपासावे, धोका दिसला तर पुढे पाठवावे, एवढेच उरले. या निर्णयामागे सबबी आहेत आणि त्यातल्या काही मला पटतातही: देखरेख सैल असलेल्या जिल्ह्यात लाखो आशांच्या हाती सुई देणे ही जोखीम आहेच. पण मग पुढे पाठवण्याची सोय तेवढीच भक्कम हवी. पावसाळ्यात नाला भरला की पोड तुटतो, रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर थांबते, आणि "पुढे पाठवा" या दोन शब्दांचा अर्थ बाजेवर बाळंतिणीला आणि कडेवर बाळाला घेऊन चिखलातून तीन किलोमीटर चालणे असा होतो. गडचिरोलीत मृत्यू ज्या कारणाने कमी झाले ते कारणच जेथे कार्यक्रमातून वगळले आहे, तेथे तेवढ्याच परिणामाची अपेक्षा ठेवता येत नाही. २०१४ मध्ये परिचारिकेने पुढे पाठवण्यापूर्वी हे इंजेक्शन द्यावे अशी तरतूद झाली. तुमच्या उपकेंद्रात ती व्यवहारात आहे का, औषध फ्रीजजवळच्या कपाटात खरोखर आहे का, हे तुमच्या संस्थेने दर महिन्याला जाऊन पाहिले तरी ते धोरणाचेच काम आहे.

आता तुमचे दोन मृत्यू नोंदीत का नाहीत, याकडे येते. बहुधा कोणी मुद्दाम लपवलेले नाहीत. लपवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत, पण त्याहून जास्त वेळा मृत्यू वहीच्या दोन पानांमधल्या फटीत पडतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. बाळ तिथे पाचव्या दिवशी गेले तर माहेरच्या गावची आशा म्हणते, ही आमची नोंदणीकृत गरोदर माता नाही. सासरच्या गावची आशा म्हणते, बाळंतपण माझ्याकडे झालेच नाही. दोघींचे खरे असते आणि बाळ कोणत्याच वहीत नसते. दुसरी फट म्हणजे जन्मून दोन-चार श्वास घेतलेले बाळ 'मृत जन्म' म्हणून लिहिणे. तसे लिहिले की अर्भकमृत्यूची चौकशी, बैठक, खुलासा हे सगळे टळते. शिवाय घरच्यांनाही त्या वेळी शब्दांचा भेद करण्याचे भान नसते. तिसरी फट स्थलांतराची. मेळघाटात आम्ही गणती होळीच्या आठवड्यात करत असू, कारण कामासाठी बाहेर गेलेली कोरकू आदिवासी कुटुंबे होळीला हमखास ढाण्यावर (वस्तीवर) परततात. एरवीच्या महिन्यात केलेल्या गणतीत निम्मी घरे कुलूपबंद आणि सरकारी तक्त्यात मात्र त्या घरांतल्या मुलांची वजने नियमितपणे वाढत असलेली, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

म्हणून स्वतंत्र मोजणीला पर्याय नाही. महाराष्ट्रातील तेरा संस्थांनी एकत्र येऊन केलेला 'कोवळी पानगळ' हा २००१ चा अहवाल यासाठीच महत्त्वाचा ठरला. प्रत्यक्ष गावांत मोजलेले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत हे त्याने दाखवले, आणि पुढे राज्य सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. मेळघाटातील बालमृत्यूंवर १९९३ पासून लिहिले जात होते, उच्च न्यायालयात याचिका होत होत्या, १९९५ मध्ये नवसंजीवनी योजनाही आली होती. पण "आकडे वाढवून सांगता" या एका वाक्यावर अडकलेली चर्चा मोजणीमुळे पुढे सरकली.

मोजणीचा सल्ला देताना एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. तुमच्या सात पोडांत मिळून वर्षाला समजा ४० बाळंतपणे होत असतील, तर एका मृत्यूने तुमचा दर हजारी २५ ने वर किंवा खाली जातो. दोन मृत्यू म्हणजे हजारी ५०, पुढच्या वर्षी एकही नाही म्हणजे शून्य. असला दर वर्तमानपत्राला देऊ नका. लहान संख्येत दर बोलत नाही, घटनाक्रम बोलतो. प्रत्येक मृत्यूची तोंडी चौकशी करा: बाळाने दूध ओढणे कधी सोडले, घरच्यांना ते कधी जाणवले, आधी कोणाकडे नेले, गाडीसाठी फोन किती वाजता केला, गाडी कुठे थांबली, दवाखान्यात कोण हजर होते. मी कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्यातील सगळे बालमृत्यू एकत्र करून ते 'कुपोषणाचे बळी' म्हणून पत्रकारांना दिले होते. पुढच्या बैठकीत संबंधित अधिकाऱ्यांनी त्यातला सर्पदंशाचा एक आणि विहिरीत पडून गेलेला एक मृत्यू काढून दाखवला आणि उरलेल्या सर्व खऱ्या मृत्यूंवरचा विश्वासही त्या दोघांबरोबर गेला. तो परत मिळवायला दोन वर्षे लागली. एरवी हा खेळ उलट बाजूनेही खेळला जातो: मूल न्यूमोनियाने गेले, कुपोषणाने नव्हे, असा खुलासा तुम्ही वाचला असेलच. न्यूमोनिया खरा असतो. पण तेच मूल अंगाने भरलेले असते तर न्यूमोनियातून उठले असते, हेही तितकेच खरे असते. तेव्हा वहीत आजार लिहा आणि त्याशेजारी शेवटचे वजन व दंडघेरही लिहा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित मूल, याबद्दल कोणत्याही कार्यालयाशी वाद घालावा लागत नाही.

मोजून झाल्यावर कोणाच्या टेबलावर जायचे, याचे उत्तर आपल्याकडे फार गुंतागुंतीचे आहे. कोलाम ही राज्यातील तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठीचा पैसा बऱ्याच अंशी आदिवासी विकास विभागातून येतो, म्हणजे तुमच्याकडे पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयातून. आशा, परिचारिका, उपकेंद्र आरोग्य विभागाचे. अंगणवाडी महिला व बालविकासाची. रस्ता आणि नाल्यावरचा रपटा जिल्हा परिषदेच्या बांधकामाचा. बाळ मात्र एकच असते. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि सपाट भागात ५००० ला एक, असा निकष आहे. आशा सामान्यतः हजार लोकसंख्येला एक, आदिवासी वस्तीत मात्र हा निकष शिथिल करून वस्तीनिहाय नेमता येते. गर्भवती आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये आली, तीही ठरवून दिलेल्या आदिवासी क्षेत्रापुरती. यवतमाळ जिल्ह्याचा काहीच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. परिणामी रेषेच्या अलीकडच्या पोडावर जेवण शिजते आणि पलीकडच्या पोडावर, त्याच जमातीच्या, त्याच शेतावर मजुरीला जाणाऱ्या बाईला ते मिळत नाही. तुमच्या सात पोडांपैकी कोणते रेषेच्या कोणत्या बाजूला आहेत याचा साधा नकाशा काढा. माझा अनुभव असा की, मंत्रालयातल्या माणसाला अशी रेषा दिसत नाही, आणि ती दाखवली तर तो बहुतेक वेळा चकित होतो. वाईट हेतूपेक्षा अंतर जास्त असते.

मागणी वेळेवर पोचणे हाही भाग आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा जिल्ह्याचा अंमलबजावणी आराखडा हिवाळ्यात बनू लागतो. मार्चमध्ये दिलेले निवेदन, कितीही रास्त असले, त्या आराखड्याला चुकलेले असते. गावपातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंतचा मुक्त निधी असतो. तो बहुतेक ठिकाणी फिनाईल, सतरंजी आणि फलकावर खर्च होतो. तुमच्या गटग्रामपंचायतीच्या त्या समितीवर पोडावरची एक तरी बाई आहे का, हे आधी पाहा. मी पाहिलेल्या समित्यांत पोडावरच्या बाईचे नाव कागदावर असे आणि अंगठाही असे, पण बैठक कधी झाली हे तिला विचारले तर ती हसत असे.

२००५ मध्ये हे आरोग्य अभियान (तेव्हाचे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान) सुरू झाले आणि २००७ मध्ये महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. त्यात विदर्भातून अमरावती होता. गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक भरायचे, हिरवा-पिवळा-लाल असे रंग द्यायचे आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे. मी पाहिलेली पहिली जनसुनवाई फसली. बाहेरून औषध आणायला लावणाऱ्या चिठ्ठ्या, बाळंतपणाला मागितलेले पैसे, सुई देताना केलेला अपमान, असे एकामागून एक आरोप झाले. वैद्यकीय अधिकारी मान खाली घालून बसले आणि जेवणाच्या सुट्टीनंतर परतलेच नाहीत. दुसऱ्या वेळी आम्ही एक बदल केला. जनसुनवाईच्या आधी महिनाभर परिचारिकांना भेटून त्यांच्या अडचणीही त्याच प्रगतिपत्रकात लिहून घेतल्या. त्या दिवशी एका सिस्टरने भर मंडपात उठून सांगितले की बाळंतपणाच्या खोलीत आठ महिने पाणी नाही आणि ती घरून दोन कॅन आणते. तोवर तिच्याविरुद्ध बोलायला आलेल्या बायकाच तिच्या बाजूने बोलू लागल्या. पंप पंधरा दिवसांत बसला, आणि औषधांच्या तुटवड्याचा लेखी तक्ता पुढे त्याच केंद्राच्या डॉक्टरांनी आम्हाला दिला. जाब विचारणे आणि व्यवस्थेतल्या खालच्या माणसाला बळ देणे ही दोन वेगळी कामे आहेत असे मला तोवर वाटत असे.

तुमच्या जिल्ह्यातलेच एक प्रकरण येथे नोंदवते, कारण 'असुरक्षित' कोणाला म्हणायचे याचा प्रश्न तेथे उघडा पडला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. राज्याने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. फवारणारे अनेकजण शेताचे मालक नव्हते. ते रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूर होते, त्यांच्या नावावर सातबारा नव्हता आणि शेतकऱ्यांसाठीच्या अनेक योजना तर सातबाऱ्यावर उभ्या. वाचलेल्यांपैकी ज्यांची नजर अधू झाली किंवा हातापायांतली ताकद गेली, त्यांची मोजदाद आणखीच कठीण. नेमके कोणते विष पोटात वा अंगावर गेले हे रुग्णाच्या कागदावर लिहिलेले नसे. 'अज्ञात विष' असे लिहिले की उपचारही अंदाजाने आणि भरपाईचा दावाही अंदाजाने. कार्यकर्त्यांनी बांधावरच्या रिकाम्या बाटल्या आणि कृषी केंद्राच्या पावत्या गोळा करायला सुरुवात केली, ते काम मला फार मोलाचे वाटते. प्रत्येक पावसाळ्यात, ऑगस्टपासून, तुमच्या पोडांवरचे किती मजूर फवारणीला जातात, कोणाला चक्कर, उलटी, धूसर दिसणे झाले, याची नोंद तुम्हीही ठेवू शकता. आशाच्या वहीत त्यासाठी रकाना नाही.

कायद्यातून मिळालेल्या गोष्टीही तपासून घ्याव्या लागतात. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात केवळ आदिवासींत नाही, अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही आहे. रुग्ण आणि पालकांच्या संघटनांनी अनेक वर्षे धरलेल्या रेट्यानंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश झाला. प्रत्यक्षात लाभासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि ज्या दिवशी वेदनेचा झटका नाही त्या दिवशी तपासणीच्या टेबलावर हा मुलगा धडधाकट दिसतो. शिवाय त्याच कायद्यातील सरकारी नोकरीच्या आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, तपासण्यांचा वेग वाढला, हे चांगलेच झाले; परंतु तपासणीनंतर मिळालेले कार्ड पेटीत ठेवून देणाऱ्या घरांना त्याचा अर्थ सांगणारे, या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला तालुक्याला मिळतात का हे पाहणारे कोणी हवे.

संस्थांच्या स्वतःच्या दोषांवर बोलल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. २०२० मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो निधी देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थांच्या आधाराने चालणाऱ्या तालुक्यातल्या अनेक लहान संस्थांचा श्वास त्याने कोंडला. त्या पोकळीत कंपन्यांचा सामाजिक निधी आणि सरकारी कंत्राटे आली. रुग्णवाहिका चालवणे, शिबिर भरवणे, किट वाटणे यांसाठी पैसा मिळतो. मृत्यूची चौकशी करायला मिळत नाही. जिल्ह्याचे काम घेतलेली संस्था त्याच जिल्ह्याच्या आकड्यांवर बोट ठेवायला कचरते, हे मी जवळून पाहिले आहे. तुम्ही सरकारी काम घ्याल तर घ्या, त्यात पाप काही नाही. पण मोजणीची वही त्या पैशातून चालवू नका. ती वर्गणीतून चालवा, मग ती लहान असली तरी चालेल.

मोजणी न ठेवण्याचा आमचा दोष दारूबंदीच्या वादातही दिसला. वर्धा आणि गडचिरोलीपाठोपाठ २०१५ मध्ये चंद्रपुरात बायकांच्या मोठ्या आंदोलनातून बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. मी त्या बायकांच्या बाजूची आहे. तरीही कबूल करते की, बंदीच्या सहा वर्षांत घरातली मारहाण, दवाखान्यातले रुग्ण, चोरट्या दारूचा प्रसार यांची गावागावांतून सलग नोंद आमच्यापैकी फार थोड्यांनी ठेवली. उठवण्याचा निर्णय झाला तेव्हा दोन्ही बाजूंनी बहुतेक लोक अंदाजानेच बोलत होते, आणि अंदाजांच्या भांडणात महसुलाचा आकडा तेवढा पक्का होता.

आणि कोलामांच्या वतीने बोलणारे आपण सगळे बहुधा कोलाम नसतो. तुमच्या पाच-सहा जणांत पोडावरचे किती आहेत हे तुम्ही लिहिलेले नाही. बाळंतिणीला घरात किती दिवस बसवतात, बाळाला पहिले दूध का देत नाहीत, दवाखान्यातल्या खाटेवर तिला परके का वाटते, हे पोडावरची दायी जे सांगेल ते आपल्या प्रश्नावलीत येत नाही. मेळघाटात भुमकाला (गावच्या पारंपरिक वैद्याला) शत्रू मानून आम्ही बरीच वर्षे वाया घालवली; आजारी मुलाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची प्रथा भाषणांनी कमी झाली नाही. भुमकाला आरोग्य केंद्राच्या बैठकीला मानाने बसवले आणि "आधी तू बघ, मग आमच्याकडे पाठव" असे ठरले, तिथे मुले लवकर येऊ लागली.

तुमच्या पुढच्या पावसाळ्यासाठी एक काम सुचवते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आशा आणि दायी यांना सोबत घेऊन सातही पोडांवरच्या गरोदर बायकांची यादी करा: अपेक्षित तारीख, बाळंतपण सासरी की माहेरी आणि माहेर कोणत्या गावचे, पोडापासून गाडी येईल अशा जागेपर्यंतचे अंतर, आणि नाला भरला तर पर्यायी वाट. जून ते सप्टेंबरमध्ये ज्यांचे दिवस भरतात त्यांना आधीच्या आठवड्यात आरोग्य केंद्राच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी राहण्याच्या खोलीत) राहता येईल का आणि सोबत येणाऱ्या माणसाची बुडीत मजुरी कोण देईल, हे त्या यादीच्या आधारे विचारा. यादीची एक प्रत उपकेंद्राच्या सिस्टरला, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयाला द्या आणि तिन्ही ठिकाणी पोच घ्या; चौथी प्रत ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात जोडा. माहेरचे गाव दुसऱ्या तालुक्यात असेल तर तिथल्या आशाला फोन करून नाव तिच्या वहीत घालायला सांगा. ऑक्टोबरमध्ये हीच यादी घेऊन प्रत्येक घरी परत जा आणि प्रत्येक नावापुढे बाळ कसे आहे ते लिहा. एखाद्या नावापुढे बाळ गेल्याचे लिहावे लागले आणि कार्यालयाने पुन्हा "आमच्या नोंदीत नाही" असे म्हटले, तर त्यांच्याच शिक्क्याची मे महिन्यातली पोच तुमच्या हातात असेल.